चाबी टेबलावर होती

बाबा, मागच्या आठवड्यात एका स्वयंपाकघरात मी एक चूक केली. दुसऱ्या कोणाला ती चूक म्हणून दिसणारही नाही. मित्रांना सांगितली तर म्हणतील, अबे यात चूक कुठे आहे, पार्टी दे. तुम्हाला मात्र समजावून सांगावी लागली नसती. मी दारात चप्पल काढत असतानाच तुम्ही चष्म्यावरून पाहिलं असतं आणि विचारलं असतं, "काय करून आला?" बारा वर्षं झाली तुम्हाला जाऊन. तरी ते चष्म्यावरून पाहणं या खोलीत अजून कुठेतरी आहे असं मला दुपारी वाटतं, जेव्हा खिडकीसमोरून मालगाडी जाते आणि भिंतीवरचा उजेड डब्याडब्याने हलत राहतो. अशा वेळी खोली थांबलेली आहे की चाललेली, काही कळत नाही.

आम्ही आता टाउनशिपच्या बाहेर, भिलाई-3 ला राहतो. तुम्ही गेल्यावर क्वार्टर सोडावं लागलं, आणि आईने रुळांच्या अंगाला दोन खोल्या पाहिल्या. ती ब्लाउज शिवते. कोणी म्हणालं की दुकान चांगलं चालते हो तुमचं, तर म्हणते, "दुकान कायचं बाप्पा, एक मशीन हाये. पण माह्या मशीनले भोंगा नाही." पोलादाच्या प्लांटच्या भोंग्यावर सगळं गाव उठायचं, जेवायचं, निजायचं, त्याचा तिला किती राग होता हे आता आता कळून राहिलं आहे. माझं कॉलेज अर्ध्यातच सुटलं, म्हणजे मी सोडलं. त्याचं पुढे सांगतो. हे पत्र मराठीत लिहितो आहे, कारण तुमच्याशी दुसऱ्या कोणत्या भाषेत मी कधी भांडलो नाही. शाळा हिंदी, दोस्त हिंदी, धंदा हिंदी. मराठी फक्त घरात होती, आणि तुम्ही होता तोवर घरही मोठं होतं.

तुमच्या त्या प्लांटच्या गावात घर मागायचं नसायचं, ते मिळायचं. हुद्द्याप्रमाणे घराचा प्रकार, नोकरीच्या वर्षांप्रमाणे नंबर, आणि नंबर लागेल तो सेक्टर, ती सडक, तो मजला. दवाखाना मिळालेला, शाळा मिळालेली, कडुनिंबसुद्धा एका ओळीत लावून मिळालेले. रस्ते इतके रुंद आणि सरळ की लहानपणी मला वाटायचं, कोणीतरी पट्टीने गाव आखलं आणि मग त्यात माणसं ओतली, गरम लोखंडासारखी. पण ओतलेल्या माणसालाही मन असतंच. कोणाला शाळेजवळ राहायचं असतं, कोणाला म्हाताऱ्या आईसाठी खालचा मजला पाहिजे, कोणाला फक्त सख्ख्या भावापासून दूर जायचं असतं. त्यासाठी एकच फट होती, तिला सगळे म्युच्युअल म्हणायचे. दोन कर्मचारी राजी असले तर अर्ज देऊन आपापली क्वार्टरं अदलाबदल करायची. घराच्या बदल्यात घर, बाकी काही नाही. गेटाबाहेरच्या चहाच्या टपरीवर एक पत्रा होता, त्यावर अशा लोकांच्या चिठ्ठ्या चिकटलेल्या असायच्या. वाऱ्याने पत्रा कोरा झाला तरी कोणी घाबरायचं नाही, कारण टाइम ऑफिसातल्या एका क्लार्कच्या डोक्यात सगळ्या चिठ्ठ्या होत्या. तो क्लार्क म्हणजे तुम्ही. जोड्या जुळवायचा नाद होता तुम्हाला, जसा कोणाला पतंगांचा असतो.

आणि तुमची एक रीत होती, जी दुसऱ्या कोणाची नव्हती. अर्जावर सही नवऱ्याची लागायची, पण तुम्ही नवऱ्याला विचारायचेच नाही. त्याला बाहेर स्कूटरजवळ उभं करून ठेवायचे, कोणाशी तरी गप्पा लावून द्यायचे, आणि स्वतः आत जाऊन म्हणायचे, "वहिनी, पाणी द्या जरा." स्वयंपाकघराच्या दारातच उभे राहून पाणी प्यायचे आणि हळूच विचारायचे, "जायचं मन हाये ना तुमचं? नसन त सांगा. माझ्याशिवाय कोणाले कळणार नाही." एक नागपूरकडच्या वहिनी म्हणाल्या होत्या, "घर चांगलं हाये भाऊ, पण समोरच माही नणंद राह्यते." तुम्ही गिलास ठेवला, बाहेर आले आणि नवऱ्याला म्हणाले, "नाही जमत गड्या." तो चिडला. "कावून नाही जमत? माझं तर ठरलं होतं!" तुम्ही एकदम गंभीर. "तिथी नळाले पाणी कमी येते." ती तुमची नेहमीची थाप. कोण्याही बाईचं 'नाही' तुम्ही बाहेर आणायचे ते नळाच्या पाण्यात बुडवून. अर्ध्या सेक्टरचा समज होता की भिलाईतल्या निम्म्या सडकांवर नळ कोरडे आहेत. टपरीवर लोक चिडवायचे, "काय बाबूजी, आज किती किचनमदी पाणी पेऊन आले?" तुम्ही म्हणायचे, "दोन. एकीचं गोड होतं, दुसरीचं खरं होतं."

मला त्या सामान हलवायच्या दिवसांची स्वप्नं पडतात. दोन घरांचं सामान एकाच सकाळी निघायचं, आणि रुंद सडकेवर मध्येच कुठेतरी दोन्ही ठेले समोरासमोर यायचे. एका ठेल्यावर पलंग, पाळणा, गव्हाची कोठी. दुसऱ्यावरही पलंग, पाळणा, कोठी. दोन्ही बायका थांबून एकमेकींकडे पाहायच्या, जशी एखादी आरशात पाहते, आणि मग खरंच दोन्ही ठेल्यांवरचे आरसे समोरासमोर यायचे आणि त्यांच्यात आभाळ मागे मागे जात राहायचं. कोणी हसायचं, "चाय पेवाले या हो, आपल्याच घरी!" स्वप्नात सगळं गावच निघालेलं असतं. कपाटं, म्हशी, तुळशीचे डबे, सगळे सावकाश सडका ओलांडतात, भट्टीकडचं आभाळ संध्याकाळच्या आधीच लाल असतं, आणि मधोमध तुम्ही स्कूटरला एक पाय टेकवून उभे.  फक्त प्रत्येक बाईच्या तोंडाकडे पाहता.

पण जागेपणी मी तुमच्या गावावर फार चिडायचो, बाबा. अठरा-एकोणीसचा असताना तर फारच. मला वाटायचं तुमचं सगळं आयुष्य दुसऱ्या कोणी वाटून दिलेलं. एवढ्या मोठ्या गावात तुम्हाला मोकळीक काय, तर खालचा मजला की वरचा. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला एक सर होते, त्यांनी एका दिवशी सांगितलं की बाजारात कोणी कोणावर जबरदस्ती करत नाही. घेणारा राजी, देणारा राजी, तेव्हाच सौदा. म्हणून बाजार जिथवर पोचतो तिथवर माणूस स्वतंत्र असतो. मी बाकावरून उठून उभाच राहिलो. सर म्हणाले, काय झालं? मी म्हणालो, "सर, मग आम्ही इथं बसून काय करून राहिलो?" वर्ग हसला. मी हसलो नव्हतो. हजेरीवरून आधीच भांडण चालू होतं, ते त्या महिन्यात वाढलं, आणि मी गेलोच नाही परत. आई आठ दिवस बोलली नाही. मी एका दलालाकडे कामाला लागलो, घरं दाखवायच्या. भाड्याची घरं, फ्लॅट, नवीन कॉलन्या. मला ते काम म्हणजे तुमच्याच कामाचं मोकळं रूप वाटलं. नंबर नाही, हुद्दा नाही, अर्ज नाही. बोट दाखव, घर तुझं.

खोटं नाही बोलणार, पहिली दोन वर्षं मी हवेत होतो. ज्यांना तुमच्या गावाने कधी क्वार्टर दिलं नसतं, ते लोक मी घरात जाताना पाहिले. नवऱ्याला सोडून आलेली एक बाई होती, तिने पहिल्या दिवशी रिकाम्या खोलीचं दार आतून लावून घेतलं, मग उघडलं, मग परत लावलं. असं चार-पाच वेळा. म्हणाली, "कुछ नहीं भैया, देख रही हूँ." तेव्हा मला वाटलं, सरांचं खरं आहे. पण हळूहळू दुसऱ्या गोष्टीही दिसू लागल्या. घरमालक फोनवर हळूच सांगायचे, या जातीचे नको, ते खाणारे नको, एकटी पोरगी नको, आजारी म्हातारं माणूस तर नकोच, मेलं-बिलं तर घर अशुभ. तेही राजीखुशीच होतं ना, बाबा. मालक नाही म्हणायला मोकळाच होता. मी फक्त गाडी वळवायचो आणि गिऱ्हाइकाला सांगायचो, ते घर तर कालच गेलं. तुम्ही नळाची थाप मारायचे ती कोणाचं 'नाही' जपायला. मी मारायचो ती कोणालातरी दारातून परत पाठवायला. फरक मला कळत होता. मी त्याच्याकडे पाहत नव्हतो.

आता तिचं सांगतो. हसू नका. रुळांच्या पलीकडे रेल्वेची क्वार्टरं आहेत, परवापरवापर्यंत ती तिथे राहत होती. तिचे बाबा रेल्वेत, आपल्यासारखेच विदर्भातले. ती नर्सिंगला होती तेव्हा आईकडे ड्रेस शिवायला यायची, आणि मी तेव्हापासून बरबाद आहे. माझ्या खिडकीतून त्यांची कपडे वाळवायची दोरी दिसते. दोरीवर निळी ओढणी असली की मी दिवसभर चांगला वागायचो. मधून मालगाडी जायची तेव्हा दोन डब्यांच्या फटीतून ती एकेक तुकडा दिसायची, हात, मग बादली, मग नुसतंच अंगण, मग परत हात. गाडी संपूच नये असं वाटायचं, आणि लवकर संपावी असंही. तुमच्याबद्दल मी तिला सगळं सांगितलं आहे. किचनचं, पाण्याचं, नळाचं. तिला तुम्ही माझ्यापेक्षा जास्त आवडता.

मागच्या महिन्यात स्टेशनच्या पुलावर ती मला म्हणाली, "मले पुण्याले जायचं हाये. दवाखान्यात लागली मी. तू रागावशीन, म्हणून आधी सांगून राहिली." तिला ती नोकरी कोणाच्या शिफारशीने नाही, कोणाची पोरगी म्हणून नाही, अनुकंपेवर नाही मिळाली. तिने अर्ज टाकला, त्यांना ती पाहिजे होती, झालं. म्हणजे ज्या मोकळ्या बाजाराच्या नावाने मी कॉलेज सोडलं, तोच तिला हाक मारून राहिला होता. मी खूश व्हायला पाहिजे होतं. मी हेल्मेट पुलावरून फेकलं. ते कठड्याला लागून परत माझ्याच पायाशी आलं. ती हसली, म्हणाली, "पाय, तुयं हेल्मेटही तुले सोडून जात नाही." मग हसू थांबल्यावर म्हणाली, "मी अजून हो पण नाही म्हटलं अन् नाही पण नाही. तू नीट विचार मले एक दिवस." मी नीट विचारायचं ठरवलं होतं, बाबा. खरंच ठरवलं होतं.

त्याच वेळी तिचे बाबा रिटायर झाले. रेल्वेचं क्वार्टर सोडायचं होतं, आणि त्यांना घर मिळेना, कारण तिची आजी खाटेवर आहे. चार मालकांनी दारातून परत पाठवलं. मी मध्ये पडलो. एक घर होतं, खालचा मजला, समोर अंगण, मालक रायपूरला. त्याने चाबी माझ्या हातात दिली. "तुम्हारे भरोसे पर. तुम जिसको बोलो." आजीचं मी त्याला सांगितलं नाही. चाबी घेऊन मी थेट त्यांच्या घरी गेलो. काकूंनी स्वयंपाकघरातच खुर्ची टाकली, पोहे दिले. काका माझा हात सोडेनात. आतल्या खोलीतून आजीचं कण्हणं येऊन राहिलं होतं, आणि कुकरची वाफ, आणि ती ओट्याजवळ पाठ करून उभी. मला वाटलं या घरातला मी देव आहे. चाबी टेबलावर ठेवली, आणि त्याच दमात म्हणून गेलो, "काका, एक गोष्ट होती. मले हिच्याशी लग्न करायचं हाये."  काका चाबीकडे पाहून म्हणाले, "तू एवढं केलं आमच्यासाठी... आमाले काय, तिले विचार." ती वळली नाही. गॅस बारीक केला आणि म्हणाली, "हव."

तिचा होकार घेऊन मी घरी कसा आलो ते आठवत नाही. फाटक बंद होतं, लोक वैतागलेले होते, आणि मी एकटाच त्या लांब गाडीकडे पाहून हसत होतो. घरी येऊन आईला सांगितलं. तिने मशीन थांबवली. मला वाटलं उठेल, गूळ देईल. ती म्हणाली, "चाबी कुठी होती तवा?"

"कोणची चाबी?"

"घराची. तू विचारलं तवा चाबी कुठी होती?"

"टेबलावर."

तिने चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि मशीन सुरू केली. चांगली चार बोटं शिवण झाल्यावर, माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मुनग्यावाली आठवते का तुले?"

आठवत होती. तुमच्या हातून झालेली एकच चूक, निदान मला माहीत असलेली. एक फोरमन होता, वरच्या मजल्यावर राहायचा, त्याला खालचं घर पाहिजे होतं. त्याच्याच हाताखालच्या एका छत्तीसगढी हेल्परला, माहीत नाही कोण्या नशिबाने, खालचं घर मिळालेलं होतं, आणि त्याच्या बायकोने अंगणात मुनगा लावला होता, शेवग्याचं ते झाड आता छपराच्या वर गेलं होतं. तुम्ही रीतसर गेलात. नवऱ्याला बाहेर ठेवलं, पाणी मागितलं, तुमच्या मोडक्या छत्तीसगढीत विचारलं, मन आहे ना? ती म्हणाली, हव. झालं, सह्या झाल्या, ठेले निघाले. पावसाळा गेल्यावर आपण दोघं स्कूटरवर त्या सडकेने जात होतो, आणि ती बाई कुंपणाच्या बाहेर उभी होती, आत दोन माणसं मुनगा तोडत होती. तुम्ही गाडी थांबवली. तिने तुम्हाला पाहिलं आणि काही तक्रार नाही, रडणं नाही, जसं कोणी भाव सांगतं तसं सांगितलं, "नइ कहितेंव त इनकर रात पाली कभू नइ छूटतिस, भइया." नाही म्हटलं असतं तर नवऱ्याची रात्रपाळी कधीच सुटली नसती. तुम्ही नवऱ्याला बाहेर ठेवलं होतं, पण फोरमनचा ड्यूटी चार्ट तिच्यासोबत आत स्वयंपाकघरात आला होता. तुम्हाला तो दिसला नव्हता.

तुम्ही घरी आलात आणि आईला म्हणालात, "पाणी दे जरा." आई समजली. तुम्ही दारात उभं राहून पाणी प्यायलात आणि विचारलंत, की आपलं खालचं घर त्या बाईला देऊन आपण तिच्या वरच्या मजल्यावर जायचं का. आपल्या अंगणात जामाचं, म्हणजे पेरूचं, झाड होतं, आईचा मोगरा होता. आई म्हणाली, "नाही. माह्यं घर हाये हे." तुम्ही गिलास ठेवला, "बरं" म्हणालात, आणि परत त्याचं नाव काढलं नाही. आठ दिवस. मी तुम्हाला म्हणालो, बाबा, तुम्ही सांगा ना आईला, तुमचं ऐकेल ती. तुम्ही माझ्यावर इतके चिडलात, तितके कधीच चिडला नव्हतात. "अबे, जिचं नाही आपल्याले ऐकून घेता येत नाही, तिले विचाराचं कायले?" नवव्या दिवशी आई एकटीच त्या बाईच्या घरी गेली, तीन जिने चढून. काय बोलल्या त्या दोघी, आजही सांगत नाही. परत आली, पदराने घाम पुसला आणि म्हणाली, "कपाट आधी न्यायचं का पलंग?" पुढे जामाचा हंगाम आला की ती तुम्हाला रोज टोमणा मारायची. "खा आता वरच्या मजल्यावरचे जाम." पण टोमणा मारताना तिच्या तोंडावर जे असायचं ते मला आता, या मशीनच्या आवाजात, ओळखू येतं. ते तिचं स्वतःचं होतं. कोणी वाटून दिलेलं नव्हतं.

त्या दुपारी मी बराच वेळ खिडकीत बसलो. सरांचं वाक्य डोक्यात फिरत राहिलं. दोघं राजी, तर सौदा मोकळा. मुनग्यावाली राजी होती. ओट्याजवळ पाठ करून उभी असलेली तीही राजी होती. कोणी धमकी दिली नव्हती, मी तर प्रेमच केलं होतं. पण जिच्या आजीला उद्या कुठे निजवायचं हे माझ्या खिशात आहे, तिने 'नाही' म्हणावं कशाच्या जोरावर? तुमच्या गावात सगळ्यांना घर होतं आणि निवड जवळजवळ नव्हती. माझ्या बाजारात निवडच निवड आहे, घर असलं तर. मला वाटायचं यातलं एक स्वातंत्र्य आहे आणि दुसरा पिंजरा. आता वाटतं, 'नाही' म्हटल्यावरही पाय टेकायला जागा असते, तेव्हाच्या 'हो'ला काही वजन असतं. ती जागा तुमच्या गावाने दिली काय किंवा बाजारात स्वतः कमावली काय. तिला ती जागा पुण्याच्या नोकरीने दिली होती. आणि मी एका चाबीने ती काढून घेतली. बाजार वाईट नव्हता, बाबा. त्या स्वयंपाकघरातला फोरमन मी होतो.

दुसऱ्या दिवशी काकांना घेऊन रायपूरला गेलो. मालकासमोर दोघांना बसवलं आणि म्हणालो, माझा भरोसा काढून टाका, तुम्ही आपसात बोला, आणि यांची आई खाटेवर आहे, हे मी लपवलं होतं. मालक माझ्यावर भडकला, आणि बरोबरच होतं. घर हातचं जातं की काय असं वाटलं. तेव्हा काका बोलले, त्यांच्या रेल्वेच्या हिंदीत, एकदम सरळ. "साहब, माँ जाएगी तो आपके घर से ही जाएगी, झूठ नहीं बोलूँगा. पर तब तक आपके आँगन में धूप में बैठेगी." मालकाने वर पंख्याकडे पाहिलं. मग म्हणाला, माझी आई दवाखान्यातच गेली, धूप नहीं मिली उसको. कागद काढला. त्यावर दोघांच्या सह्या आहेत, माझं नाव कुठेच नाही. दोन माणसं एकमेकांना खरं सांगून राजी झालेली मी त्या दिवशी पाहिली. सरांना दाखवावीशी वाटली.

रविवारी त्यांचं सामान निघालं. आरसा ठेल्यावर उभाच बांधला होता, मी मागे चाललो होतो आणि त्यात मला माझंच तोंड हलताना दिसत होतं. संध्याकाळी नव्या अंगणात आजीची खाट टाकली, उन्हाचा शेवटचा तुकडा म्हातारीच्या पायांवर होता. ती पाण्याचा गिलास घेऊन बाहेर आली. मी म्हणालो, "परवाचं तुयं हव मी परत देतो. घर काकांचं हाये, कागद त्यांच्याजवळ. आता नीट विचारतो."

"विचार ना मग."

विचारलं. काय शब्दांत, ते तुम्हालाही नाही सांगणार. तिने अंगणाकडे पाहिलं, आजीकडे, मग गिलासाकडे. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती, आणि इतकी मोकळी हसताना मी तिला महिनाभरात पाहिलं नव्हतं. म्हणाली, "तुया घरी नळाले पाणी कमी येते."

मला समजायला एक क्षण लागला. मग मी म्हणालो, "कधी वाढंन?"

"माहीत नाही. पुण्याहून सांगीन. नाहीही सांगीन. तू वाट पाहू नको, अन् पाह्यली त मले सांगू नको."

हेल्मेट हातातच होतं. फेकलं नाही, एवढं लिहून ठेवतो. घरी आईने विचारलं, काय म्हणाली? मी म्हणालो, नळाले पाणी कमी येते म्हणे. आई उठली, पाणी आणून दिलं, आणि मी पिऊन होईपर्यंत दारातच उभी राहिली.

ती शुक्रवारी पुण्याला गेली. पलीकडच्या क्वार्टरात आता दुसरं कोणी येईल. दोरी तीच आहे, तिच्यावर काही नाही. हे पत्र मी टाकणार कुठे? तुमचं शेवटचं घर दुसऱ्याच कोणाच्या नावावर आहे, आणि तो बिचारा उघडून वाचेल. मशीनच्या खणात ठेवतो, बटणांच्या डबीखाली. तुम्हाला वाटेल पोरगा सुधारला. तसं नाही. रायपूरला गेलो, खरं बोललो, तिचं हव परत दिलं, ते सगळं करताना आत कुठेतरी मला खात्री होती की एवढं केल्यावर ती हो म्हणेल. म्हणजे तोही सौदाच होता, फक्त थोडा चांगल्या कपड्यातला. आणि अजून एक. त्या घराच्या चाब्या दोन होत्या. एक काकांना दिली. दुसरी या आठ दिवसांपासून माझ्या शर्टच्या खिशात आहे. काकांना म्हणालो, अरे, द्यायची विसरलोच, उद्या आणून देतो.

विसरलो नव्हतो, बाबा.